सरासरी काढल्याशिवाय सुई नाही

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी लिहिणार. घरात माझं कोणी ऐकत नाही, आणि ऐकलंच तर सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात. इथे निदान माझं म्हणणं माझ्याच शब्दांत राहील.

ठकीला घेऊन बालडॉक्टरांकडे. (ठकी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव अजून ठरायचंय, माझा अभ्यास चालू आहे.) वेटिंग रूममध्ये पाय ठेवला आणि शिसारी आली. खेळायला म्हणून एक प्लास्टिकचा हत्ती ठेवलाय, गावभरच्या पोरांनी चाटून त्याचा रंग उडालाय. एकाने माझ्या पँटला नाक पुसलं. त्याची आई कौतुकाने म्हणाली, तो असाच आहे हो. असाच आहे म्हणजे काय? मग माझी पँटही अशीच आहे, स्वच्छ, असं म्हणणार होतो. पण आमचा नंबर आला.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, खणखणीत आवाजाच्या. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पहिल्या लशी. डांग्या खोकला, धनुर्वात, घटसर्प आणि आणखी काय काय. मी विचारलं, सगळं एकदम कशाला? त्यांनी समजावून सांगितलं. फार छान सांगितलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदार जितका गोड बोलेल तितका त्याच्या पारड्याखाली लोहचुंबक असण्याचा संभव जास्त. सगळं जग काटा मारतं, हे मला नोकरीने शिकवलंय.

वर म्हणतात कशा, आईने गरोदरपणातच खोकल्याची लस घेतलीय, शाबास. आता बाबांनी आणि आजींनीही घेऊन टाका. मोठ्यांचा साधा वाटणारा खोकला एवढ्याशा बाळाला फार महागात पडतो. एकाला गाठायचं आणि चौघांना टोचायचं, चांगला धंदा आहे. बायकोने लस घेतल्याचं मला माहीतच नव्हतं. बाहेर आल्यावर तिला तसं म्हटलं, तर म्हणे, सांगितलं होतं, तू मॅच बघत होतास.

मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगून आलोय. अभ्यास केल्याशिवाय काही होणार नाही. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण पुढच्या आठवड्यात या.

४ फेब्रुवारी

पद्धत ठरली.

आमच्या खात्यात एका वजनावर कोणी विश्वास ठेवत नाही. तेच वजन तीनदा ठेवायचं, तीन रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची, मगच काट्याला सील. लशीचंही तसंच. तीन माणसांची मतं, त्यांची सरासरी, मग निर्णय. भावनेला थारा नाही.

बायको म्हणाली, पोरीला लस द्यायचीय, तिला सील नाही ठोकायचं. या वाक्यात मुद्दा कुठे आहे, मी शोधतोय.

सासूबाई (बाळासाठी आल्यात, हॉलमधला सोफा त्यांच्या ताब्यात) म्हणाल्या, आमच्या वेळी नाही बाई कोणी विचारत बसायचं, रांगेत उभं करायचे, दंड पुढे करायचा, झालं. हे मत नाही, ही आठवण आहे. रीडिंगमध्ये धरलेलं नाही.

६ फेब्रुवारी, लंच टाइम

पहिलं रीडिंग. ज्ञानकोश.

हे ऑफिसातल्या माझ्या समोरच्या टेबलावरच्या गृहस्थाचं नाव, मी ठेवलेलं. त्याला ते कौतुक वाटतं. मूल नाही, बायको नाही, एक कुंडी होती ती वाळली. पण वाचन दांडगं. त्याचं म्हणणं, लशीबिशी सगळं थोतांड. शरीराला जंतूंची सवय होऊ द्यावी. धूळ, माती, सर्दी, खोकला, सगळं येऊ द्यावं. आतून पोलाद तयार होतं. स्वतःला बरेच दिवस खोकला आहे, औषध घेतलेलं नाही, पोलाद तयार होतंय.

पोलाद तयार होताना फार आवाज होतो. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द उच्चारताना त्याला उबळ आली आणि तुषार थेट माझ्या चहात. मी डोळ्यांनी पाहिले. किळसवाणा माणूस. रुमाल नावाची वस्तू त्याच्या वाचनात आली नसावी. पण मुद्दा ऐन रंगात आला होता, उठून दुसरा चहा आणायचा म्हणजे धागा तुटला असता. तोच प्यायलो.

रीडिंग: लस नको.

९ फेब्रुवारी

दुसरं रीडिंग. न्हावी.

निवड विचारपूर्वक. त्याच्या खुर्चीत दिवसभर नाना तऱ्हेचे लोक बसून नाना तऱ्हेची मतं देतात, म्हणजे तो स्वतःच एक चालतीबोलती सरासरी. दुर्दैवाने त्याच्यात खोली नाही. म्हणाला, द्या की साहेब, त्यात काय एवढं? आमच्या तिघांना दिल्या. धाकटी तर अजून पाळण्यात आहे, तिचीही तारीख चुकवली नाही. यापलीकडे त्याला काही सांगता आलं नाही. संदर्भ नाही, आकडे नाहीत, नुसतं ‘द्या की’.

मानेवर टाकलेला टॉवेल ओला होता. पाण्याने नव्हे, माझ्या आधीच्या मानेने.

रीडिंग: द्यावी.

११ फेब्रुवारी

तिसरं रीडिंग. खालच्या मजल्यावरच्या काकू.

काकूंना दमा आहे आणि मांजरी आहेत. घरात शिरलं की दोन्हींचा वास येतो. काकू म्हणाल्या, द्यावी बाई लस, पण बेताबेताने. कोवळं अंग ते. अर्धी अर्धी द्यावी.

जिना चढता चढता एकदम प्रकाश पडला. नको, द्यावी आणि अर्धी. सरासरी काढली तर अर्धी! एवढी स्वच्छ बेरीज मला खात्यात वर्षानुवर्षांत मिळालेली नाही. निर्णय झाला. ठकीला अर्धा डोस. लशीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी इतकी डोकी फुटतात आणि मधला रस्ता कोणाला सुचू नये?

बायकोला सांगितलं. ती ठकीचं दुपटं बदलत होती. तिने दुपटं माझ्या हातात दिलं आणि निघून गेली. दुपटं भरलेलं होतं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन केला. अर्ध्या डोसचा प्रस्ताव मांडला, सरासरीसकट. पलीकडे कागद सळसळला. मला वाटलं, टिपून घेतायत. मग म्हणाल्या, ठकीच्या कुठल्या अर्ध्या अंगाला डांग्या खोकला झालेला चालेल ते सांगा, उरलेल्या अर्ध्याला टोचते.

शास्त्राच्या माणसाला ही भाषा शोभते? मी उद्याची अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. रिसेप्शनवरच्या मुलीला कारण सांगितलं, अभ्यास चालू आहे. ती म्हणाली, परीक्षा कधी आहे?

बायकोने अबोला धरलाय. असो. अभ्यासाला शांतता लागतेच.

१६ फेब्रुवारी

घसा खवखवतोय, नाक गळतंय. ऑफिसचा एसी. तीनदा तक्रार केलीय, पण आमच्या साहेबांना घाम येतो म्हणून आम्ही गारठायचं. ज्ञानकोश रजेवर गेलाय, खोकून खोकून बरगडी धरलीय म्हणे.

चूक सापडली. तीन रीडिंग कमी पडतात. काटा तीन रीडिंगमध्ये बसतो, माणसं बसत नाहीत. आता व्याप्ती वाढवणार. महिनाअखेर सोक्षमोक्ष.

बायको बोलली एकदाची. खोकताना तोंडावर हात धर, एवढंच. धरतो की. उबळ येऊन गेली की लगेच धरतो.

१९ फेब्रुवारी

फिल्डवर होतो. दिवसभर दुकानं, दिवसभर मतं. एका दगडात दोन पक्षी. काटा तपासायचा, सील ठोकायचं, मग सहज विषय काढायचा.

उबग आला. मी म्हटलं, लस नकोच ना हो? खाटीक म्हणाला, छे छे साहेब, कशाला. मग मुद्दाम उलटं विचारलं, द्यायला हवी ना? म्हणाला, हो तर साहेब, हवीच. हा माणूस नाही, झुकतं पारडं आहे. आणि त्याच्या खऱ्या पारड्याखाली चरबीचा असा थर की नखाने खरवडावा लागला. ते नख मी दोनदा धुतलं, तरी वास जात नाही.

भाजीवाली म्हणाली, आधी काट्याचं बोला, माझा माल सुकतोय. औषधवाला म्हणाला, डॉक्टर काय म्हणतात? म्हणजे स्वतःचं मत नाहीच.

सोनाराकडे जरा अवघड झालं. त्याचा काटा काचेच्या पेटीत, फुंकर लागली तरी हलणारा. मी पेटी उघडून वजन ठेवलं आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. आकडा नुसता नाचत होता. सोनाराने पाणी दिलं, पण हात किती लांब करून! जणू मी महारोगी. एवढं सोनं अंगावर घालून माणुसकी नाही. त्याचं मत विचारायचं राहिलं, पण पेटीची काच पुसताना तो जे पुटपुटला ते लशीबद्दल नसावं.

२२ फेब्रुवारी

खोकला उबळींनी येतो. एकदा सुरू झाला की श्वास घ्यायला फट सापडत नाही, डोळ्यांतून पाणी, शेवटी ओकारी. काल जेवण वॉशबेसिनमध्ये गेलं. स्वतःचीच किळस आली. कारण उघड आहे, सीलची लाख वितळवताना होणारा धूर. बायको म्हणते, डॉक्टरला दाखव. कुठल्या डॉक्टरला? आणि कधी? अभ्यास ऐन टप्प्यावर आलाय.

संध्याकाळी तिने एक प्रश्न विचारला. तो अन्यायकारक होता, म्हणून इथे नोंदवतो. म्हणाली, तू दुकानात काटा तपासतोस तेव्हा शेजारच्या दुकानदारांना विचारतोस का, किती भरलं वाटतं, आणि मग सरासरी काढतोस? की तुझ्या पेटीतलं ते पितळेचं प्रमाण वजन काढून ठेवतोस? मग पोरीच्या वेळीच न्हाव्याला का विचारत फिरतोयस? शिकलेली, आयुष्यभर हेच केलेली बाई समोर बसली होती ना?

माझ्याकडे उत्तर होतं. अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात उबळ आली. ती संपेपर्यंत बायको ठकीला घेऊन आतल्या खोलीत गेली होती आणि दार लावलेलं होतं. माणूस खोकत असताना वाद जिंकणं याला मी जिंकणं मानत नाही.

२७ फेब्रुवारी

विश्वासघात.

मी फिल्डवर असताना बायकोने आणि सासूबाईंनी ठकीला नेऊन टोचून आणलं. पूर्ण डोस! घरी आलो तर पोरगी किरकिरतेय, मांडीला पट्टी, आणि सासूबाई सोफ्यावर अशा बसल्यात जणू गड सर केलाय. मी विचारलं, मला न विचारता? बायको म्हणाली, सकाळी सांगितलं तुला. तू खोकत होतास. संपेपर्यंत थांबले असते तर ही शाळेत गेली असती.

मी आवाज चढवला नाही. (चढवला की खोकला येतो.) ठीक आहे. झालं ते झालं. आता माझं काम वेगळं आणि मोठं. या घरात डोळे उघडे ठेवणारा एकच माणूस आहे. लशीचे दुष्परिणाम मी स्वतः, जवळून, शास्त्रशुद्ध तपासणार. एकही लक्षण सुटणार नाही.

२८ फेब्रुवारी

रजा टाकली. दिवसभर पाळण्यापाशी.

ताप आहे. थोडाच, पण आहे. मांडी लाल. मी म्हटलं होतं! पाळण्यात अगदी वाकून, नाकाला नाक लावून तिचा श्वास ऐकतो. लांबून काही कळत नाही. कितीदा वाकलो याची गणती नाही. उबळ आली की तोंड फिरवतो, बहुतेक वेळा.

बायको म्हणाली, लांब हो, नाहीतर निदान मास्क लाव. मी सांगितलं, बाळाला बापाचा चेहरा दिसला पाहिजे. सासूबाई आता घरातच मास्क लावून फिरतात आणि मी जवळून गेलो की नासलेलं दूध बघावं तसं बघतात. पाहुणीने घरधन्याला नाक मुरडावं, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी ताप उतरला, ठकी हसायला लागली. एवढ्या लवकर? संशयास्पद. निरीक्षण वाढवणार.

४ मार्च

अजून दुष्परिणाम नाही. दडून बसलाय. पण माझ्यापासून लपणं सोपं नाही. ऑफिसातून आलो की थेट पाळणा. दुपटं, जीभ, डोळे, बेंबी, सगळं बघतो. बायकोसुद्धा इतक्या जवळून बघत नाही.

एक गंमत लिहून ठेवतो. ठकीला माझा खोकला खेळ वाटतो. उबळ आली की टक लावून बघते, थांबली की हसते, आणि पुढच्या उबळीची वाट बघत पाय झाडते. आज तीन-चार वेळा झालं. मला बरं वाटलं. या घरात माझ्या खोकल्याला दाद देणारं कोणीतरी आहे.

बायको म्हणाली, डॉक्टरकडे गेला नाहीस तर मी तिला घेऊन आईकडे जाईन. उद्या जातो म्हटलं.

५ मार्च

आज जमलं नाही. ऑडिट होतं.

८ मार्च

बायकोने विचारलं, गेलास? मी म्हटलं, आता खोकला कमी होतोय, कमी होणाऱ्या गोष्टीसाठी कशाला जायचं. प्रत्यक्षात तेवढाच आहे. पण घरात शांतता राहिली पाहिजे.

१० मार्च

सापडलं!

ठकीला शिंका. नाकातून पाणी. दूध नीट पीत नाही. उशिरा उठणारा दुष्परिणाम, मला वाटलंच होतं. बायको म्हणते, सर्दी झालीय, उद्या दाखवून आणू. मी म्हटलं, घाई नको. अर्धवट पुराव्यावर गेलो तर डॉक्टरीणबाई पुन्हा जोक मारतील. चार दिवस पूर्ण लक्षणं जमू देत, मग बघतो कशा बोलतात.

बायकोने ठकीचं नाक पुसलं. म्हणाली, तुला ती बरी व्हायला हवीय की तू बरोबर ठरायला हवायस? हल्ली ती अशीच कोड्यात बोलते.

तरी ती उद्या जाणारच होती. मी म्हटलं, मीच नेतो, शनिवारी, नक्की. सासूबाईंनी मास्कमधून काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं.

१४ मार्च

सकाळी ठकी खोकली. बारीकसं. लागोपाठ, लागोपाठ, लागोपाठ. मी पेन घेऊन पाळण्यापाशी गेलो. आणि ती थांबली. खोकला थांबला असं नव्हे; श्वासच थांबला. आवाज नाही. तोंड उघडं, ओठ निळे. सासूबाई ओरडल्या. बायकोने तिला उचललं, पालथी केली, पाठ चोळली, तिला हाका मारत राहिली. मी तिथेच उभा. हातात पेन. ते खाली ठेवावं हेसुद्धा सुचलं नाही. मग ठकीने श्वास घेतला. एवढा मोठा आवाज एवढ्याशा छातीतून कसा येतो?

डॉक्टरीणबाईंकडे. मी वाटेत मुद्दे जुळवले होते. गेल्या गेल्या सुरुवात केली: लस दिल्यापासून ताप, मांडी लाल, शिंका, आता खोकला. आणि मला उबळ आली. नेहमीची. भिंत धरून खोकलो, कोपऱ्यातल्या सिंकमध्ये ओकलो. वळून बघतो तर त्या ठकीच्या छातीवरचा स्टेथोस्कोप तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या. विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, एसी. त्या म्हणाल्या, एसी कधीपासून? सांगितलं. उबळीनंतर ओकारी होते? दम घेता येत नाही? होते, येत नाही. एवढे दिवस बाळाजवळ होतात? मी म्हटलं, मी नाही तर कोण? तिची बारीक तपासणी मीच करत होतो.

त्यांनी ठकीला लगेच वरच्या मजल्यावर वॉर्डात पाठवलं. मला मास्क दिला आणि नाकात एक लांब काडी घातली, ती बहुधा मेंदूला लागली. तेवढ्यातही मी म्हटलं, हा लशीचा परिणाम आहे. त्या म्हणाल्या, हा तुमचा खोकला आहे.

हळू आवाजात म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१६ मार्च

रिपोर्ट आला. डांग्या खोकला. मला. ठकीलाही.

घरी एकटा. गोळ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत वॉर्डात यायला मनाई. बायकोला आणि सासूबाईंनाही गोळ्या दिल्यात, दोघी तिथेच आहेत. सिंकमध्ये ठकीची दुधाची बाटली तशीच राहिलेली, तळाशी आंबट पांढरं कडं. वास घुमत होता. मळमळत मळमळत धुतली. मग पुन्हा धुतली.

दुपारी एक विचार आला आणि उभारी धरली. लस दिली होती, तरी खोकला झाला. म्हणजे लस कुचकामी! म्हणजे मी बरोबर! ताबडतोब डॉक्टरीणबाईंना मेसेज केला, तीन उद्गारचिन्हं घालून. उत्तर आलं: एकच डोस झालाय, तोही तुम्ही उशीर केल्यावर, त्याने संरक्षणाची नुसती सुरुवात होते. सध्या तिच्याकडे जे काही आहे ते बरंचसं तिच्या आईने पोटात असताना घेतलेल्या लशीतून आलंय. ते नसतं तर आज आपण वेगळं बोलत असतो. गोळ्या वेळेवर घ्या.

माझा मेसेज पुन्हा वाचला. पोरगी नळ्या लावून पडलीय आणि बाप उद्गारचिन्हं पाठवतोय. खाटकाच्या पारड्याखालच्या चरबीलासुद्धा मी इतकं नाक मुरडलं नव्हतं. मेसेज डिलीट केला. त्यांच्या फोनवर तो असणारच.

२० मार्च

आत सोडलं, मास्क लावून, लांबून. ठकी काचेच्या खोलीत. नाकात नळी, गालाला चिकटपट्टी. नर्स सांगत होती, कालपासून उबळी कमी आहेत, श्वास थांबलेला नाही. त्याच वेळी ठकीला एक उबळ आली. सगळं अंग लाल झालं, मुठी आवळल्या. नर्स शांतपणे तिला कुशीवर धरून बसली. हा खेळ नाही, हे एव्हाना ठकीला कळलंय.

बायको स्टुलावर. केस विस्कटलेले, अंगावर तोच ड्रेस. मी म्हटलं, तू घरी जा, मी बसतो. ती म्हणाली, नको. रागावली नाही. भांडली नाही. सासूबाईंनी तर मला डब्यातलं सूप दिलं आणि म्हणाल्या, जावईबापू, खाऊन घ्या, गोळ्या कडक असतात. मला वाटलं होतं, निदान सासूबाई तरी बोलतील. लिफ्टमध्ये डोळ्यांत पाणी आलं. मास्कचं इलॅस्टिक फार घट्ट आहे.

२३ मार्च

धोका टळला म्हणतात. चार-पाच दिवसांत घरी सोडतील. खोकला मात्र अजून बरेच आठवडे रेंगाळणार. तोवर सांभाळायचं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आरोग्य खात्याची नर्स भेटायला आली. बाई तरुण, पेन कानाला लावलेलं. म्हणाली, खोकला सुरू झाल्यापासून कोणाकोणाच्या जवळ गेलात ते आठवून सांगा, त्या सगळ्यांना फोन करायचेत, घरात लहान बाळं असतील त्यांना आधी. बायको शेजारी बसली होती. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. सगळं पाठ होतं. खाटीक, भाजीवाली, औषधवाला, सोनार. मग दाढी करायला पुन्हा न्हावी, कारण त्याच्या मताची खोली वाढली का ते बघायचं होतं. खालच्या काकूंकडे दोनदा, एकदा अर्ध्या डोसबद्दल आभार मानायला. कुठे किती वेळ बसलो, किती जवळ बसलो, कोणी काय मत दिलं. बाई लिहून थकली. म्हणाली, इतकं पद्धतशीर कोणी सांगत नाही हो, लोकांना कालचं आठवत नाही. मला क्षणभर बरं वाटलं. शेवटी कोणीतरी पद्धतीची कदर केली, असं वाटलं. ज्ञानकोशाचं नावही सांगितलं, जरा ठासून, कारण मुळात हा सगळा प्रकार त्याच्याकडून आला. ती म्हणाली, तुमच्या ऑफिसात सकाळीच फोन केला होता, ते गोळ्या घेऊन गेले, लस कुठे मिळते तेही विचारत होते.

मग तिने माझ्यासमोरच न्हाव्याला फोन लावला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. म्हणत होता, धाकटी जरा खोकतेय कालपासून, पण लशी सगळ्या वेळेवर आहेत मॅडम, घाबरायचं नाही ना? ती म्हणाली, आजच आणून दाखवा. तो म्हणाला, लगेच निघतो. आणि विचारलं, आमच्या साहेबांची मुलगी कशी आहे हो?

काकूंना फोन लागला नाही. बाई म्हणाली, दमा आहे ना त्यांना, मी घरीच जाऊन बघते. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, तुम्ही नको.

उठता उठता तिने शेवटचं विचारलं. या सगळ्या दिवसांत बाळाच्या सर्वांत जवळ कोण असायचं?

एसी, लाखेचा धूर, ज्ञानकोश, चाटलेला हत्ती, सगळं डोक्यात येऊन गेलं. बायको माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिची नजर काचेपलीकडे होती.

मी म्हटलं, मी.

बाईने तेवढं लिहून घेतलं, पेन कानावर लावलं आणि काकूंच्या घराचा पत्ता विचारला.